वाचकांचे प्रश्न : जायफळाच्या बेटांवर जाताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी इंदूरला राहतो आणि दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर इंडोनेशियातील बांदा बेटांवर जावे, असा विचार आहे. यजमानांना इतिहासाची आवड आहे, तर मला प्रवाळ पाहायचे आहेत. तरणतलावात मी नियमित पोहते, पण समुद्रात स्कूबा कधी केलेले नाही. ते तिथेच शिकावे का? आणि एवढे दिवस पुरतील का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण मोसम योग्य निवडला आहे, दिवस मात्र पुरणार नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडील वाऱ्यांमुळे खवळलेला बांदा समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवळतो आणि पाण्याखालचे स्वच्छ दिसू लागते. परंतु इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली, तेथून जकार्ता, पुढे मालुकू प्रांतातील अंबोन आणि अंबोनहून सुमारे २०० किलोमीटरचा सागरी प्रवास, असे टप्पे आहेत. वेगवान बोट काही तासांत पोहोचवते, पण लाटा उसळल्या की ती सुटत नाही. सरकारी कंपनीचे मोठे जहाज अधिक भरवशाचे असले, तरी ते रोज नसते. म्हणून दोन आठवडे हाताशी ठेवावेत आणि अंबोनहून परतीच्या विमानाआधी दोन-तीन दिवस मोकळे सोडावेत.

स्कूबा तिथे जाऊन शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि अंदमानातही चांगली सोय आहे. साधारण १८ मीटर खोलीपर्यंतचा प्राथमिक अभ्यासक्रम इकडेच पूर्ण करून, आणखी काही वेळा समुद्रात उतरून मग बांदाला जावे. तरणतलावातील सराव उपयोगी असला, तरी प्रवाहाची सवय त्यातून होत नाही. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र आधी घ्यावे; बेटांवर मोठे रुग्णालय नसल्याने स्कूबातील अपघात आणि रुग्णाची वाहतूक या दोन्हींचा समावेश असलेला विमाही काढावा. सलग काही दिवस पाण्यात उतरल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. शरद ऋतूत येथे दिसणारे हॅमरहेड शार्क पाहण्यासाठी खोल पाण्यात, प्रवाहात उतरावे लागते. नवशिक्यांनी तो मोह टाळावा.

त्यात काही गमावले असे मात्र वाटणार नाही, कारण तिथले सर्वांत विलक्षण दृश्य उथळ पाण्यातच आहे. बांदा नैरा या मुख्य वस्तीच्या बेटासमोर गुनुंग आपी हा ज्वालामुखी उभा आहे. १९८८ साली त्याचा उद्रेक होऊन लाव्हा समुद्रात उतरला आणि तिथले प्रवाळ नष्ट झाले. पण अवघ्या पाच वर्षांत त्याच काळ्या खडकावर प्रवाळांच्या शंभराहून अधिक जाती वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. मेजासारखे पसरलेले हे प्रवाळ नळी आणि मुखवटा लावून पृष्ठभागावरूनही पाहता येतात. त्यामुळे स्कूबा न करणाऱ्या यजमानांनाही काठावर बसून राहावे लागणार नाही.

आता इतिहासाविषयी, कारण तो समजून घेतल्याविना ही बेटे पाहणे मला अपुरे वाटते. एके काळी जगाला जायफळ आणि जायपत्री पुरवणारी बेटे एवढीच होती. पोर्तुगीज १५१२ मध्ये आले. त्यानंतर आलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला सगळा व्यापार केवळ स्वतःकडे हवा होता. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून याने बेटांवर स्वारी केली, चव्वेचाळीस स्थानिक प्रमुखांचा जपानी भाडोत्री सैनिकांकरवी शिरच्छेद करविला आणि सुमारे पंधरा हजारांची वस्ती कत्तल, उपासमार व हद्दपारी यांमुळे हजाराच्या आसपास उरली. मग जमिनीचे वाटे करून डच मळेवाल्यांना दिले गेले आणि राबण्यासाठी बाहेरून गुलाम आणले गेले. निसटलेल्या बांदावासीयांचे वंशज आजही दूरच्या केई बेटांवर आपली जुनी भाषा बोलतात. बेल्जिका हा पंचकोनी किल्ला सुबक दिसतो, छायाचित्रेही उत्तम येतात. पण त्याखालच्या नासाऊ किल्ल्याच्या अवशेषांपाशी अधिक वेळ द्यावा, कारण तो शिरच्छेद तिथे झाला.

इंग्रजांनी याच बेटांपैकी रुन बेट डचांना देऊन त्या बदल्यात मॅनहॅटन घेतले, ही गोष्ट तिथे प्रत्येक वाटाड्या सांगेल. प्रत्यक्षात १६६७ च्या ब्रेडाच्या तहात जे ज्याच्या ताब्यात होते, ते त्याच्याकडे राहिले. मॅनहॅटनवरील न्यू ॲमस्टरडॅम हे डच ठाणे इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतले होते. यजमानांना आधुनिक इतिहास प्रिय असेल, तर मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर यांना डच सरकारने १९३६ पासून जिथे नजरबंद ठेवले, ती नैरावरील घरे चुकवू नयेत. पुढे हत्ता इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती आणि शहरीर पहिले पंतप्रधान झाले.

प्रश्न : तिथून जायफळाचे रोप किंवा ओले बी आणून बागेत लावता येईल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. लागवडीसाठीचे बी-रोप आणण्यास आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास विमानतळावर जप्त होईल. शिवाय जायफळाला दमट, उष्ण हवा आणि मोठ्या झाडांची सावली लागते. बांदात उंच कनारी वृक्षांखाली मळे आहेत. माळव्यातील कोरडा उन्हाळा आणि हिवाळ्यातील गारठा त्याला मानवणार नाही. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्याने एकट्या रोपाला फळ धरण्याचीही शाश्वती नसते. हौसच असेल, तर केरळातील जायफळाचे मळे जाऊन पाहावेत. तिथे परवाना लागत नाही.