प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे, चित्रपट आणि कायदा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एका दिवंगत नेत्याच्या जीवनावर आम्ही अंबाजोगाईची मंडळी चित्रपट करीत आहोत. त्यांचे नातू म्हणतात की, आमच्या लेखी परवानगीवाचून चित्रीकरण करता येणार नाही. हे खरे आहे काय?

उत्तर : अशी सरसकट परवानगी लागत नाही. प्रसिद्ध व्यक्तीच्या नाव-चेहऱ्यावरील हक्कासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. जे काही आहे ते न्यायालयांच्या निकालांतून घडले आहे. सार्वजनिक अभिलेखात नोंदलेल्या गोष्टींवर संमतीशिवायही लिहिता येते, पण त्यापलीकडच्या खासगी आयुष्यात शिरणाऱ्यावर दावा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात सांगितले. पुढे जयललितांच्या भाचीच्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की, खासगीपणाचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, घर-जमिनीसारखा तो वारसांच्या नावे होत नाही.

तरीही त्या नातवांना अवश्य भेटा, असे मी आग्रहाने सांगेन. आजोबांची पत्रे किंवा दैनंदिनी पटकथेत वापरायची असेल, तर त्या लेखनाचा कॉपीराइट सहसा वारसांकडे असतो. ते लेखन हयातीत प्रसिद्ध झाले असेल, तर तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. निधन १९७५ चे असेल तर २०३५ अखेरपर्यंत. हयातीत ते अप्रकाशित राहिले असेल, तर ही ६० वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजली जातात. छायाचित्राचा हक्क मात्र बहुधा छायाचित्रकाराचा असतो, त्यातल्या माणसाचा नव्हे. शिवाय कुटुंबीयांचे मन दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला लौकिकाला बाधक आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी ठरू शकतो. रझाकारांच्या काळातल्या, कोणी कोणाला आसरा दिला आणि कोणी फितुरी केली अशा कथा आपल्या गावागावांत आजही सांगितल्या जातात. त्यांतली एखादी पडद्यावर आणण्यापूर्वी तिचा आधार कोणता, हे प्रसंगागणिक लिहून ठेवा.

प्रश्न : जालन्यात माझे कापडाचे दुकान आहे. दिवाळीच्या फलकावर वर्तमानपत्रात आलेले एका अभिनेत्रीचे छायाचित्र आणि ग्राहकांना द्यायच्या दिनदर्शिकेवर शिवाजी महाराजांचे चित्र छापावे, असा विचार आहे. चालेल का?

उत्तर : दोन्ही नकोत. अमिताभ आणि जया बच्चन यांना घेऊन एका कंपनीने केलेली दागिन्यांची जाहिरात दुसऱ्या सराफाने आपल्या फलकावर उचलली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला मनाई केली. चित्रपटात जीवन सांगितले जाते, फलकावर मात्र चेहऱ्याच्या जोरावर माल खपवला जातो, आणि न्यायालये या दोहोंकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

महाराजांबाबत तर १९५० चा बोधचिन्हे व नावांविषयीचा केंद्रीय कायदाच आहे. त्याच्या अनुसूचीत महाराजांचे नाव व चित्र असल्यामुळे केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. दिनदर्शिकेला त्यात सवलत आहे, पण तिच्यावर केवळ निर्माता व मुद्रक यांची नावे असतील आणि मालाची जाहिरात नसेल, तरच. साड्यांच्या जाहिरातीची दिनदर्शिका त्यात बसत नाही.

प्रश्न : नांदेडच्या आमच्या महाविद्यालयाच्या लघुपटात कृत्रिम बुद्धिमत्तेने एका नामवंत गायकाचा आवाज तयार करून वापरला तर?

उत्तर : वापरू नका. अरिजीत सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा नकली आवाजाविरुद्ध अंतरिम मनाई दिली आहे, आणि नांदेड ज्याच्या कक्षेत येते ते छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ त्याच न्यायालयाचे आहे. विद्यार्थ्यांचा लघुपट असला तरी इंटरनेटवर टाकल्यावर तो कोठेही पोहोचतो. तुमच्याच वर्गातल्या एखाद्या गाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून ते गाणे गाऊन घ्या आणि श्रेयनामावलीत तिचे किंवा त्याचे नाव ठळक द्या.