रबाऊलचे चार दिवस : ज्वालामुखी, बोगदे आणि बिटा पाका

तुमचा प्रश्न असा, की पापुआ न्यू गिनीच्या राजधानीतलं, पोर्ट मोर्सबीचं काम आटोपल्यावर चार दिवस मोकळे आहेत, तर न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाऊलला जावं का. आणि गेलात तर ज्वालामुखी बघावा की दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा. नोकरीनिमित्त मी त्या भागात राहिलो आहे. जरूर जा. आणि दोन्हींतलं एक निवडायची वेळच तिथे येत नाही, कारण सगळं एकाच राखेत आहे.

मुक्काम रबाऊलजवळच्या कोकोपो गावात करा. जुनं रबाऊल सप्टेंबर १९९४ मध्ये गेलं. बंदराच्या दोन्ही अंगांचे तावुर्वुर आणि वल्कन हे ज्वालामुखी जवळजवळ एकदमच फुटले. आदल्या रात्री भूकंपाचे धक्के ओळखून लोक बाहेर पडले म्हणून बहुतेक जण वाचले, पण राखेच्या भाराने घरांची छपरं बसली. प्रांताची राजधानी मग कोकोपोला हलली.

तावुर्वुरसाठी पहाटे निघा, माटुपिटहून होडी मिळते. पायात जाड तळव्याचे बूट हवेतच. काठाशी गरम पाण्याचे झरे आहेत, त्यात हात घालायची घाई करू नका. तिथली काळी वाळू इतकी उबदार, की मेगापोड पक्षी त्यात अंडी पुरून निघून जातात. उबवायचं काम जमीनच करते. गावची माणसं खोल खड्डे खणून ती अंडी काढतात. ते जरूर बघा. वर चढायचं असेल तर आधी ज्वालामुखी वेधशाळेत विचारा. स्थानिक माणूस नको म्हणाला तर हट्ट करू नका.

जपान्यांनी रबाऊल जानेवारी १९४२ मध्ये घेतलं आणि लाखभर माणसांचा तळ उभा केला. दोस्त राष्ट्रांनी चढाई केलीच नाही; विमानांतून झोडपलं, रसद तोडली आणि पुढे निघून गेले. मग जपानी जमिनीखाली गेले. इस्पितळं, कोठारं, सगळं बोगद्यांत. हे जमलं ते ज्वालामुखीच्या जुन्या, घट्ट बसलेल्या राखेमुळे. ती कुदळीने सहज कापली जाते आणि कापल्यावर उभी राहते. भिंतीवरून हात फिरवा, कुदळीचे घाव अजून बोटांना लागतात. काराविया खाडीजवळच्या बोगद्यात लोखंडी बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या नावा, एकामागे एक गंजत उभ्या आहेत. बॅटरी न्या. जमीन तिथल्या कुळांची असते, त्यामुळे आत जायचे थोडे किना (तिथलं चलन) द्यावे लागतात. घासाघीस करू नका. रबाऊल गावातला जपानी नौदलाचा सेनापती यामामोटो याचा बंकर छोटा आहे, अर्ध्या तासात होतो. एप्रिल १९४३ मध्ये तो रबाऊलहूनच निघाला आणि बूगनव्हिलवर त्याचं विमान पाडलं गेलं.

पण एक सकाळ बिटा पाका युद्ध स्मशानभूमीसाठी राखून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपले बरेच लोक कोकोपोपर्यंत येऊन तिकडे फिरकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मलाया आणि सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या भारतीय जवानांपैकी हजारो जणांना जपान्यांनी मजूर म्हणून न्यू गिनीकडे आणि या बेटावर आणलं. उपासमार, मलेरिया, मारहाण आणि वरून दोस्तांचे बॉम्ब यांत कितीतरी गेले. हिरवळीवर बुटक्या दगडांवर पाट्या आहेत. हिंदू, मुसलमान, शीख नावं शेजारी शेजारी. कित्येक पाट्यांवर नावच नाही, फक्त भारतीय सैन्यातला एक सैनिक एवढंच. रांगेने चालत प्रत्येक पाटी वाचा, वेळ लागू द्या.

बाकी: मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा, रोख किना जवळ ठेवा, अंधार पडल्यावर भटकू नका. कोकोपोच्या बाजारात सुपारी, चुना आणि विड्याच्या वेलाची लांबट शेंग (तिथे तिला ‘मस्टर्ड’ म्हणतात) घेऊन बसलेल्या बायका भेटतील. कात नसतो, तरी रंग लालच चढतो.

आणि तुमच्या घरातलं किंवा गावातलं कुणी मलायाच्या लढाईवर जाऊन परतलं नसेल, तर निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण घालून शोधा. सापडलं तर रांगेचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे तिथे शोधाशोध करावी लागणार नाही.