आधी उतरवायला शीक

प्रिय पोरी,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी दहीहंडीच्या सरावाहून नुकताच घरी आलो होतो, पाय गरम पाण्यात होते, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. तू दोनदा विचारलंस, "काका, टीम लीडरमध्ये नेमके कुठले गुण लागतात?" ट्रेनिंगमध्ये बारा सांगितले म्हणून तू यादीही पाठवलीस. वाचली. सगळे गुण चांगलेच आहेत. लग्नाच्या स्थळांतही असेच लिहिलेले असतात, निर्व्यसनी, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारा.

प्रामाणिकपणा, मेहनत हे तुला सांगत बसत नाही. आपल्या चाळीत वाढलेल्या पोरीला ते सांगायची वेळ आली तर चूक आमची. मी एकच सांगणार, आणि पत्र संपेपर्यंत तेच सांगणार. थर लावणारे गल्लोगल्ली मिळतात. उतरवता येणारा हवा.

पाच महिन्यांपूर्वी लीड झालीस. वरच्यांनी तीस तारीख मागितली, तू मान हलवलीस. मग तिघांच्या रजा रद्द केल्यास, त्यातल्या एकाने राजीनामा दिला, आणि आता त्याचं काम तू रात्री दोनपर्यंत जागून करतेस. हे तू मला अभिमानाने सांगितलंस. मला राग आला. फोनवर बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

थरात कुणाला काय दिसतं, आठव. पहिल्या थरातल्यांच्या माना खाली, हात एकमेकांच्या खांद्यांवर. त्यांना दिसतात स्वतःच्या पायांची बोटं आणि रस्त्यावरचं पाणी. मधल्यांना समोरच्याची छाती. तू एक्का होतीस, सगळ्यात वरची, तुला दोरी दिसायची, हंडी दिसायची, गॅलऱ्यांमधली माणसं दिसायची. अख्खा मनोरा ज्याला दिसतो असा एकच माणूस, आणि तो मनोऱ्यात नसतो. तो आठ-दहा पावलं लांब रस्त्यावर उभा असतो, शिट्टी तोंडात धरून. एक माणूस कमी पडला म्हणून तू स्वतः खांदा द्यायला आत घुसलीस. आता बाहेर कोण आहे? शिट्टी कुणाकडे आहे?

बाहेर उभं राहून बघायचं कुठे, तर गुडघ्यांकडे. चेहऱ्यांकडे नाही, चेहरे सगळे हसरे ठेवतात. मनोरा डगमगतो तो बऱ्याचदा मधल्या थरातल्या एखाद्याच्या पोटरीपासून. आधी बारीक थरथर, शिवणयंत्राची सुई चालावी तशी. मग गुडघा आत वळतो. तेवढ्यात शिट्टी गेली तर सगळे पायावर खाली येतात. एका श्वासाचा उशीर झाला तर पाठीवर.

ऑफिसात गुडघे टेबलाखाली असतात हे मला कळतं. पण जो पोरगा दर मीटिंगला तुझ्याशी वाद घालायचा तो अचानक "ठीक आहे, करतो" म्हणायला लागला, की समज थरथर सुरू झाली. राजीनामा देणारा तुझा तो मुलगा आधी महिनाभर गप्प होता, हे तूच म्हणालीस. तुला वाटलं, सुधारला!

आणि उतरवायचं वरून. आधी एक्का, मग त्याच्या खालचा, मग त्यांच्या खालचे. पाया सगळ्यात शेवटी मोकळा होतो. तू नेमकं उलटं केलंस. ओझं जास्त झालं तर आधी पायातल्या माणसांच्या रजा ओढल्यास. त्याला उतरवणं म्हणत नाहीत, त्याला पाडणं म्हणतात. तुमच्या त्या कामात वरची शोभेची काहीतरी वस्तू असेलच, तारखेला नसली तरी कुणाचं अडणार नाही अशी. ती आधी खाली घे. वरच्यांना उद्याच सांग, एकोणतीस तारखेला नको. ते कटकट करतील. करू देत.

आता जे लिहितो ते मी घरीही कधी बोललेलो नाही. २००८ साल. तू बारा वर्षांची होतीस, एक्का म्हणून चढवायला आता मोठी झाली होतीस, ट्रकमध्ये पाण्याचे कॅन सांभाळत होतीस. उपनगरातली मोठी हंडी, सात थर. वरून पाण्याचा मारा, माईकवरचा माणूस बक्षिसाचा आकडा पुन्हा पुन्हा ओरडत होता. तिसऱ्या थरातल्या एकाचा डावा गुडघा मला दिसला. शिट्टी दातांत होती. मी मारली नाही. वाटलं, एक्का उभा राहिलाच आहे, आणखी दोन सेकंद. पोरं पडली तेव्हा सगळे म्हणाले की पाण्यामुळे पाय घसरला. मीही तेच म्हणालो.

एकाचं मनगट मोडलं. तो भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता, चार महिने स्टिअरिंग धरता आलं नाही. मंडळाने दवाखान्याचं बिल भरलं. घरात चूल कशी पेटते हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, पण दिवाळीनंतर.

तेव्हापासून मी लवकर शिट्टी मारणारा म्हणून बदनाम आहे. २०१३ला आमचा सहावा थर उभा राहत होता तेव्हा खाली घेतलं. खरं सांगतो, कुणाचा गुडघा हलत नव्हता. मला पाया सरकल्यासारखा वाटला, बस. मागून आलेल्या पथकाने तिथेच सात लावले, बक्षीस नेलं, आणि पुढच्या वर्षी आमची अर्धी पोरं त्या पथकाच्या टी-शर्टात दिसली. मला भित्रा म्हणाले. २००८नंतर माझ्या हाताखाली एकाचंही हाड मोडलेलं नाही, हे मी सगळ्यांना ऐकवतो. तुझी काकू म्हणते, थरच लागले नाहीत तर हाडं कशी मोडतील? असेल तसं. तरी उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी शिट्टीच मारीन.

तुला वाटेल म्हातारा आपल्या भीतीला तत्त्व म्हणतोय. स्पेनमध्ये कॅटलोनियात आपल्यासारखेच मानवी मनोरे रचतात, २०१०मध्ये युनेस्कोने त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. तिथे वरच्या पोराने हात वर केला म्हणजे मनोरा फक्त रचला गेला. सगळे नीट खाली उतरले तरच तो पूर्ण. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो. आपल्याकडे २०१२ला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. तो आकडा आमच्या पोरांना पाठ आहे. नवव्या थरावरून माणूस खाली कसा आणायचा, हे मात्र एकही पोरगा विचारत नाही.

एक गोष्ट राहिली. नऊ वर्षांची असताना तुला आम्ही सहाव्या थरावर चढवलं. ना हेल्मेट, ना कमरेला दोर. आता चौदाच्या आतल्या मुलांना चढवायला बंदी आहे, २०१७ला उच्च न्यायालयात ते ठरलं, तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडले होते. मीही. तेव्हा सगळेच चढवायचे, हे खरं. पण तुझ्या आईने तेव्हा मला एकदा विचारलं होतं, "उतरताना कोण धरतं हिला?" मी हसून "सगळे" म्हणालो होतो. सगळे म्हणजे कुणीच नाही, हे समजण्याचं माझं वय होतं.

तू वर हात केलेला फोटो मंडळाच्या भिंतीवर अजून आहे. खाली उतरल्यावर तुला लोकांनी खांद्यावर नाचवलं, पेढे भरवले. पायातली पोरं तेव्हा कडेला बसून एकमेकांचे खांदे चोळत होती. त्यांच्यापाशी आधी जायचं असतं. हे तुला सांगायला पाहिजे होतं, पण मीही त्या गर्दीत नाचत होतो.

गुरुपौर्णिमेला नारळ फोडला, सराव सुरू आहे. शनिवारी रात्री साडेदहाला मैदानात ये, लॅपटॉप घरी ठेवून. सध्या चार-पाचच थर लावतोय. तू मनोरा कायम वरून पाहिलास, यंदा माझ्याशेजारी उभी राहून खालून बघ. शिट्टी तुझ्याकडे देईन. चुकून लवकर मारलीस तर पोरं शिव्या घालतील, त्याची मला सवय आहे. नंतरचे वडापाव तुझ्याकडून. पगार वाढलाय ना?

तुझा,
काका