तीनशे फ्रेझल व्हर्ब्ज पाठ करूनही बोलताना एकही का आठवत नाही?

तुम्ही लिहिलंय की तीनशे फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द लावून बनलेल्या 'पिक अप'सारख्या जोड्यांची, यादी दोन महिने घोकली, वाचताना अर्थ लागतो, पण बोलायची वेळ आली की तोंडातून एकही बाहेर पडत नाही. मीही यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक दिलासा. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने म्हटलंय की क्रियापदापुढे छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही जी इंग्रजीची तऱ्हा आहे, ती परक्यांना सगळ्यात जड जाते. थोडक्यात, हे रडगाणं पावणेतीनशे वर्षं जुनं आहे.

माझी फजिती सांगतो. नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांत एका ग्राहकाचा मेल आला: 'लेट्स कॉल ऑफ फ्रायडेज मीटिंग.' 'कॉल' माहीत, 'ऑफ' माहीत, 'फ्रायडे' तर माहीतच. मी समजलो, शुक्रवारी मीटिंगऐवजी फोन करणार. दिवसभर फोनजवळ बसून राहिलो. संध्याकाळी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं, मीटिंग रद्द झाली होती. या प्रकारात गोची हीच असते: सुटा शब्द एकही अनोळखी नसतो, त्यामुळे डिक्शनरी उघडावी असं डोक्यातच येत नाही.

आता तुमच्या यादीकडे. त्यात 'पुट ऑफ' समोर बहुतेक 'स्थगित करणे' लिहिलेलं असेल आणि 'पुट अप विथ' समोर 'सहन करणे'. खरं सांगा, मित्राशी बोलताना तुम्ही 'मी कार्यक्रम स्थगित केला' म्हणता का? आपण म्हणतो 'पुढे ढकलला'. म्हणजे मनात विचार येतो 'ढकलला' असा आणि इंग्रजी शब्द बांधलाय 'स्थगित'शी. गाठ पडणार कशी? 'स्थगित'ची इंग्रजी जोडी 'पोस्टपोन', 'ढकलला'ची 'पुट ऑफ'. आपल्याकडे संस्कृत शब्दांचं जे वजन, तेच इंग्रजीत लॅटिन-फ्रेंचकडून आलेल्या शब्दांचं. 'पोस्टपोन' चूक नाही, ऑफिसात सर्रास चालतो. पण गप्पांमध्ये 'टॉलरेट', 'डिसकव्हर', 'एंटर' असंच बोलत राहिलात तर भाषण दिल्यासारखं वाटतं. तेव्हा यादीतले मराठी अर्थ खोडा आणि तिथे तुमच्या तोंडचं मराठी लिहा. 'पुट अप विथ' म्हणजे 'चालवून घेणं', 'फॉल आउट' म्हणजे 'बिनसणं', 'ब्रेक डाउन' म्हणजे गाडी 'बंद पडणं'.

आणि ही यंत्रणा आपल्याला नवी नाहीच. करून टाक, करून ठेव, करून बघ, करून दे, करून घे. क्रियापद एकच, पण मागून येणाऱ्या शब्दाने पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मराठी शिकणारा परका माणूस इथे तुमच्यासारखाच कपाळावर हात मारतो. कधी कधी तर दोन्ही भाषा अगदी जुळतात: फोन 'पिक अप' करतात, आपणही उचलतो, ऐकून ऐकून भाषा 'पिक अप' करतात, आपणही 'त्याने भाषा पटकन उचलली' म्हणतो. 'ईट अप', 'यूज अप' यांतला 'अप' म्हणजे आपला 'टाकणे': खाऊन टाक, वापरून टाक. 'ऑफ'मध्ये पुष्कळदा सुटण्याचा, तुटण्याचा भाव असतो: 'टेक ऑफ', 'कट ऑफ', 'फॉल ऑफ'. पण याचा नियम करायला जाऊ नका. 'गिव्ह अप' आला की नियम कोसळतो.

तुमची दुसरी चूक दिशेची. तुम्ही इंग्रजी बघून मराठी आठवता, म्हणून वाचताना येतं. बोलताना प्रवास उलटा असतो. माझ्या वहीत डाव्या पानावर फक्त प्रसंग असतो, तोही मराठीत: 'प्रिंटरमधला कागद संपलाय, कोणीतरी आणा.' उजवीकडे 'वुई हॅव रन आउट ऑफ पेपर.' उजवं पान झाकायचं आणि मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या दिवसातच गळतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. आठवड्याला आठ-दहा नव्या जोड्या पुरे.

'गेट'ची सगळी भावंडं एकाच दिवशी घेऊ नका. 'गेट ओव्हर', 'गेट थ्रू', 'गेट बाय' एकत्र पाठ केले की डोक्यात खिचडी होते. मी वर्षभर 'गेट बाय' आणि 'गेट अलाँग'मध्ये घोळ घालत होतो.

व्याकरणाचं एकच सांगतो, कारण ते कानाला लगेच खटकतं. 'इट', 'हिम' असं सर्वनाम आलं की काही जोड्या फुटतात: 'टर्न इट डाउन' बरोबर, 'टर्न डाउन इट' चूक. काही फुटतच नाहीत: 'लुक आफ्टर हिम'. म्हणून वहीत सुटी जोडी नको, सर्वनामासकट पूर्ण वाक्य लिहा. आणि फुटणाऱ्या जोडीत जोर सहसा शेवटच्या शब्दावर पडतो, 'टर्न इट डाउन'मध्ये 'डाउन'वर. तसं म्हणून बघा, लय आपोआप सापडते.

यादी फेकून देऊ नका. वाचताना-ऐकताना त्यातली एखादी जोडी भेटली की तिच्यासमोर टिंब द्या. दोन टिंबं झाली की ती वहीत जाईल. माझ्या जुन्या यादीत शंभराहून जास्त जोड्यांसमोर आजही एकही टिंब नाही, आणि त्यांच्यावाचून माझं काही अडलेलं नाही.