‘एव्हरीवन’ म्हणजे नक्की कोण?

तुमचं दुखणं मला कळलं ते असं: खाली दुकानात विंडोज १० चा पीसी, वर घरात विंडोज ११ चा लॅपटॉप, शिवाय मुलांचे मोबाइल, टीव्ही आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळे एकाच वायफायवर. लॅपटॉपवरून पीसीचा फोल्डर उघडायला गेलं की युजरनेम-पासवर्ड मागायचा, आणि दिला तरी घ्यायचा नाही. शेवटी वैतागून तुम्ही ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलं, अख्खा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन शेअर केला आणि कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल द्यायची-घ्यायची विंडोजची जुनी पद्धत) पण चालू केलं. आता चालतंय, पण पाल चुकचुकतेय.

चुकचुकणारच. एसएमबी १ आधी बंद करा, बाकीचं चहा पिऊन करा. तो १९८० च्या दशकातला प्रोटोकॉल आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्यातल्याच भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांची यंत्रं गेली. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा. तुमच्या दोन्ही यंत्रांना एसएमबी १ ची गरजच नाही, दोघांनाही त्याची नवी आवृत्ती येते. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन टिक काढा आणि पीसी रीस्टार्ट करा. एखादा जुना स्कॅनर किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क त्याच्याशिवाय चालत नसेल, तर ती डिस्क सरळ पीसीला लावा.

आता मूळ प्रश्न: बरोबर पासवर्ड का घेत नव्हता? बऱ्याचदा उत्तर एकच निघतं, लोक पिन टाकतात. पीसी सुरू करताना तुम्ही जो चार आकडी पिन देता, तो त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर तो पासवर्ड शेवटचा कधी टाकला हे कुणाला आठवत नसतं. दुसरी शक्यता म्हणजे पीसीच्या खात्याला पासवर्डच नाही. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि ते बरंच आहे.

म्हणजे कुलूप नीट होतं, किल्ली चुकीची होती. तुम्ही दारच काढून ठेवलंत.

पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केलं की विंडोज ‘गेस्ट’ला नेटवर्कवरून आत सोडतं. एरवी ‘एव्हरीवन’ म्हणजे त्या पीसीवर ज्यांचं खातं आहे ते सगळे. गेस्टला दार उघडलं की ‘एव्हरीवन’मध्ये तुमच्या वायफायवर आलेलं कुणीही येतं: क्लासवरून आलेला मुलाचा मित्र, डीव्हीआर दुरुस्तीला आलेला माणूस, आणि कधीच अपडेट न झालेला तो डीव्हीआर स्वतः. लॅपटॉप विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीवर गेला, तर असल्या बिनपासवर्डच्या शेअरला तोच नकार देईल. तेव्हा हा जुगाड तसाही टिकणारा नाही.

करायचं काय, तर पीसीवर शेअरिंगसाठी वेगळं खातं काढा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे दुसरा युजर जोडताना ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हा पर्याय शोधावा लागतो, कारण तो मुद्दाम कोपऱ्यात ठेवलाय. नाव ‘घर’ ठेवा, प्रकार स्टँडर्ड, अॅडमिन नको. पासवर्ड लांब द्या, रोज टाकायचा नाहीये. मुलांसाठी ‘मुलं’ नावाचं दुसरं खातं. मग पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग परत चालू करा. पीसीच्या नेटवर्कचं प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे ना, तेही बघा. ‘पब्लिक’ असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवते आणि आपण पासवर्डच्या नावाने बोटं मोडत बसतो.

लॅपटॉपवरून जोडताना युजरनेममध्ये नुसतं ‘घर’ लिहू नका. आधी पीसीचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग ‘घर’. एवढं करूनही अडलं तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (साठवलेल्या पासवर्डच्या यादीत) जुनी चुकीची नोंद बसलेली असते, ती पुसा. एका यंत्राशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू दिलं जात नाही, म्हणून नोंद पुसल्यावर एकदा साइन आउट करून या. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

आता परवानग्या. इथे घाई करू नका, कारण फोल्डरवर दोन पहारेकरी असतात. एक ‘शेअरिंग’ टॅबमधला, जो फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवतो. दुसरा ‘सिक्युरिटी’ टॅबमधला, जो समोर बसलेल्यालाही लागू होतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोघांनीही सोडलं पाहिजे. एकाने ‘फक्त वाच’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘काय वाटेल ते कर’ म्हटलं, तर फक्त वाचताच येतं. बहुतेक पीसींवर डी ड्राइव्हवर सिक्युरिटीत ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ना, म्हणजे खातं-पासवर्ड देऊन आत आलेल्या सगळ्यांना, मुळातच बदल करायची परवानगी असते. म्हणजे तुमच्या नव्या ‘मुलं’ खात्यालाही दुसरा पहारेकरी थेट आत सोडेल. म्हणून पहिल्या पहारेकऱ्याला कडक करा: शेअरच्या यादीतून ‘एव्हरीवन’ काढा, ‘मुलं’ला फक्त ‘रीड’ द्या, ‘घर’ला ‘चेंज’. ‘फुल कंट्रोल’ घरात कुणालाच लागत नाही. त्याने परवानग्याच बदलण्याचा अधिकार मिळतो.

आणि अख्खा ड्राइव्ह शेअर करू नका. डीवर ‘सामायिक’ असा एक फोल्डर काढा, त्यात फोटो, पिक्चर, शाळेची कागदपत्रं. दुकानाचे हिशेब त्याच्या बाहेर. ते वरून बघायचे असतील तर वेगळा शेअर करा आणि त्यावर फक्त ‘घर’. डेस्कटॉपवरचा किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर उजव्या क्लिकने शेअर करायची सवय असेल तर सोडा; विंडोज कधी कधी त्या फोल्डरऐवजी सगळा ‘यूजर्स’ फोल्डरच शेअरला लावतं. आत्ता काय काय उघडं आहे ते ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली दिसेल. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलेले विंडोजचे स्वतःचे आहेत, त्यांना हात लावू नका. बाकी ओळखू न येणारे बंद करा.

लिहिण्याच्या परवानगीबद्दल मी इतका कडक का, तर मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी दिवाळीत भाचा लॅपटॉप घेऊन आला, त्यात कुठला तरी फुकटात उतरवलेला गेम. माझाही शेअर तेव्हा तुमच्यासारखाच, ‘एव्हरीवन’, ‘फुल कंट्रोल’. त्याला फोटो बघायचे म्हणून मीच त्याच्या लॅपटॉपवर तो ड्राइव्ह जोडून दिला. भाऊबीजेच्या सकाळी सगळ्या फोटोंच्या नावांना एक नवीच शेपटी लागलेली आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. माझ्या पीसीत व्हायरस नव्हताच. भाच्याच्या लॅपटॉपवर बसूनच व्हायरसने जिथे लिहिता येत होतं तिथे लिहिलं. वाचलो कशामुळे, तर गणपतीआधी एक पोर्टेबल डिस्क भरून कपाटात ठेवली होती. मधल्या दोन महिन्यांचं गेलं ते गेलंच, त्यात आईच्या पंचाहत्तरीचे फोटो होते.

तेव्हापासून डिस्क दर रविवारी लावतो, कॉपी झाली की काढून कपाटात. कायम लावून ठेवलेली डिस्क असल्या वेळी बॅकअप म्हणून कामाला येत नाही, तीही सोबत जाते.

राउटरचं थोडक्यात. त्याचा अॅडमिन पासवर्ड कंपनीचाच असेल तर बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) बंद करा. गेस्ट वायफाय असेल तर डीव्हीआर आणि येणारे-जाणारे पाहुणे तिकडे घाला. तिथून तुमचा पीसी दिसत नाही ना, हे एकदा मोबाइलवरून तपासा. बाहेरगावाहून फाइल बघता याव्यात म्हणून पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचं दार) इंटरनेटकडे उघडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यासाठी व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) असतं. आणि पीसी विंडोज १० वर आहे, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. शेअर देणारं यंत्र तेच असल्यामुळे आधी ते ११ वर जातंय का बघा. जात नसेल तर फोल्डर लॅपटॉपवर ठेवून दुकानाच्या पीसीने तो उघडायचा, असं उलटंही करता येईल.

टीव्हीला मात्र ‘मुलं’ खात्याने जोडा. टीव्हीवर व्हीएलसी टाकता येत असेल तर ते युजरनेम-पासवर्ड विचारतं आणि चालतं. टीव्हीतलं स्वतःचं मीडिया प्लेअर बहुधा डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ-फोटो दाखवायच्या पद्धतीवर) चालतं, त्याला पासवर्डच नसतो. ते वापरायचं झालं तर त्यात फक्त पिक्चरचा फोल्डर द्या.