चिडवलं की मुलगा रडतो, त्याला खंबीर कसं करायचं?

तुमच्या ७ वर्षांच्या मुलाला शाळेत 'जाड्या' म्हणतात, तो रडत घरी येतो आणि सासरे म्हणतात घरातच जरा चिडवत जा म्हणजे सवय होईल. हे शेवटचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. सवय वगैरे काही होत नाही हो. मूल फक्त घरातही गप्प बसायला लागतं.

माझा मुलगा अडखळत बोलतो. चार वर्षांचा असताना सुरू झालं, बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, त्याचं नाही गेलं. गणपतीला आम्ही सगळे कोकणात घरी जमतो. आरतीत तो अजिबात अडखळत नाही, सगळ्यांबरोबर म्हणताना शब्द सुटतात, त्यामुळे त्या दिवशी स्वारी खुशीत, झांजा वाजवून हात लाल झालेले. खिरापत वाटत होते आणि मोठ्या दिरांनी विचारलं, काय रे, यंदा कितवीत? याचा 'ति' काही सुटेना. दादांनी लगेच ति-ति-ति करून दाखवलं, अख्खी ओटी हसली. त्यांच्या मते ते पोराला मर्द बनवत होते. आणि मीपण हसले. मोठे दीर, पाहुणे बसलेले, म्हणून ओठ ताणले नुसते, पण त्याने बघितलं. रात्री कपडे बदलताना चड्डीच्या खिशात खिरापत तशीच, साखर विरघळून चिकट झालेली. मला म्हणाला, "तू का हसलीस?" वर्गात त्याला 'बफरिंग' म्हणतात हे मला त्या रात्री कळलं, चार महिने तो बोललाच नव्हता.

मग वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या संस्थेत, दाखवलं. तिथे आधी आम्हालाच शिकवलं, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, 'हळू बोल, श्वास घे' म्हणायचं नाही, त्याच्याकडे बघत थांबायचं. आणि कोणी नक्कल केली की म्हणायला एक वाक्य त्यानेच ठरवलं, "मी अडखळतो, थांब, सांगतो." तुमच्या मुलाच्या तोंडात बसेल असं एखादं वाक्य त्यालाच शोधू द्या. 'दुर्लक्ष कर' सांगू नका, त्याचा अर्थ पोरांना 'मला सांगू नकोस' असाच लागतो.

शाळेत एका बाईंनीच नक्कल केली तेव्हा मी लेखी तक्रार दिली, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मानसिक छळालाही बंदी आहे हे त्यात लिहिलं, मग थांबलं.

हां, प्रत्येक चिडवण्यावर धावून जाऊ नका, पोरं एकमेकांना नावं ठेवतातच. पण रोज सकाळी पोटात दुखतंय, डबा तसाच परत येतोय असं असेल तर समुपदेशकाकडे न्या, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला पण फोन करता येतो.

सासऱ्यांना मात्र तुमच्या नवऱ्यानेच सांगायला हवं, तेही पोरासमोर. माझा नवरा अजून म्हणतो, दादा मोठे आहेत, जाऊ दे. मागच्या गणपतीत दादांनी परत सुरू केलं तेव्हा शेवटी मीच म्हटलं, "दादा, त्याचं बोलून झालं नाहीये." दादा उठून अंगणात गेले. पोराला 'पाचवी' म्हणायला बराच वेळ लागला, कोणी हसलं नाही.