जीपीएस नसलेल्या जहाजाचा गेम: राजीनाम्याआधी

तुम्ही विचारलंय की हिंजवडीतली नोकरी सोडून, होकायंत्र, घड्याळ आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं साधन) यांवर जहाज चालवायचा गेम, तोही अख्ख्या पृथ्वीचा, दीड वर्षात एकट्यानं होईल का. मी असाच गेम करतोय, चौथं वर्ष चालू आहे. नोकरी सोडलेली नाही.

गणिताला घाबरू नका, ते जमतं. अडकायला होतं भलतीकडेच. मी सगळी अंतरं पृथ्वीच्या केंद्रापासून मोजत होतो. तितक्या लांब 32 बिटी फ्लोटला (गेम ज्यात दशांश आकडे साठवतात त्या प्रकाराला) अर्ध्या मीटरहून बारीक फरक कळत नाही, त्यामुळे होडी शांत पाण्यात थरथरायची. शून्यबिंदू होडीपाशी आणला, थरथर गेली.

दुसरी चूक गच्चीवर सापडली. पुण्यात क्षितिज कुठलं दिसायला! परातीत स्कूटरचं जुनं ऑइल ओतलं (परात कायमची गेली), आणि काळ्या काचा लावून सूर्य आणि त्याचं तेलातलं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजला. त्याचा निम्मा म्हणजे सूर्याची उंची. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. मध्यान्ह आला 12:18 च्या सुमारास, गेम म्हणत होता 12:35. पुणे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून साडेआठ अंशांहून जास्त पश्चिमेला आहे, ती पस्तीस मिनिटं मी धरली होती. पण खरा सूर्य घड्याळाच्या मागेपुढे चालतो, आणि त्या दिवसांत सुमारे 16 मिनिटं पुढे असतो, हे विसरलो होतो. मध्यान्हाच्या वेळेवरूनच जहाजाचा रेखांश काढायचा असतो, म्हणून 16 मिनिटं चुकली म्हणजे 4 अंश रेखांश चुकला. विषुववृत्तावर 240 सागरी मैल!

पण गेम खरा अडला तो याच्याही पुढे. चाचणीसाठी एका कोपऱ्यात जहाजाची खरी जागा दाखवली होती, तर खेळून बघणारे सगळे तिथेच बघत बसायचे. ती काढली तर म्हणाले, गेम बिघडलाय. अर्ध्या नॉटचा, म्हणजे ताशी अर्ध्या सागरी मैलाचा, प्रवाह दिवसभरात जहाज 12 सागरी मैल ढकलतो, पण खेळाडूला ते कळणार कसं? शेवटी बंदरात पोचल्यावर नकाशावर दोन रेघा काढल्या: तुम्हाला वाटत होता तो मार्ग आणि खरा मार्ग. समुद्रात कधी पाय न घातलेला माझा मेव्हणा त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत बसला, आणि मग त्यानं पुन्हा सुरुवात केली. चार वर्षांत माझ्या हाती लागलेला गेम तो एवढाच.

म्हणून अख्खी पृथ्वी सोडा. जेबको या जागतिक प्रकल्पाची समुद्रतळाच्या खोलीची माहिती फुकट मिळते, पण तिचा एक चौकोन साधारण 450 मीटरचा. कोकणातल्या खाड्यांची तोंडं आणि खडक त्यात गुडुप होतात, आणि नाविक नकाशे असेच उचलून वापरता येत नाहीत. एकच किनारा हातानं करा. मुंबई ते रत्नागिरी सुमारे 120 सागरी मैल, 5 नॉटनं पूर्ण एक दिवस. तिथेही स्टीमची, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची, गाठ आहेच: खरेदीपासून 14 दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. खेळाडू दोन तास नुसतं पाणी बघत बसला तर गेलाच. माझी सुरुवात आता रात्री होते, समोर एक दीपगृह, त्याचे झोत मोजून ते कुठलं ते ओळखायचं.

आधी हा एवढा तुकडा पूर्ण करा, जहाजाशी संबंध नसलेल्या चौघांना खेळायला द्या. तोवर राजीनामा नको.

सेक्स्टंट हाताळून बघायचा असेल तर गच्चीवर या, पण मे महिन्यात नको. तेव्हा दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि तेलातला दुप्पट कोन सेक्स्टंटच्या 120 अंशांत मावत नाही.